अविज्ञात गर्भ आणि मनुस्सविग्गह : गर्भपातविषयक विचाराचा विनयातून घेतलेला मागोवा

गर्भातील जीवास मनुष्य केव्हापासून म्हणावे, हा प्रश्न आजच्या न्यायालयांनी निर्माण केलेला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रो विरुद्ध वेड या खटल्यात स्त्रीचा गर्भपाताचा अधिकार मान्य केला आणि २०२२ मध्ये डॉब्ज खटल्यात तो निर्णय स्वतःच रद्द केला. या दोन्ही प्रसंगांचे पडसाद आपल्याकडील वृत्तपत्रांतही उमटले. एका बाजूस गर्भाचे व्यक्तित्व आणि दुसऱ्या बाजूस स्त्रीचे स्वातंत्र्य अशी त्या वादाची मांडणी तेथे झाली आहे. ख्रिस्ती धर्मविचार आणि तेथील राज्यघटना यांच्या संघर्षातून ती मांडणी घडली. आपण ती जशीच्या तशी उसनी घेण्याचे कारण नाही. परंतु बौद्ध धम्माचे या विषयी काय म्हणणे आहे, असे कोणी विचारले की आपल्यातील जाणकारही दोन टोकांची उत्तरे देतात. धम्मात गर्भपात सर्वथा निषिद्ध आहे, असे काही म्हणतात. धम्म विज्ञाननिष्ठ असल्यामुळे त्यास या बाबतीत काही हरकतच नाही, असे दुसरे म्हणतात. मूळ ग्रंथ उघडून पाहण्याचे कष्ट दोघांनीही क्वचितच घेतलेले असतात. प्रस्तुत लेखात आम्ही ते कष्ट यथाशक्ती घेण्याचे योजिले आहे.

आरंभ तिसऱ्या पाराजिकापासून करावा लागतो. वेसालीच्या महावनात अशुभ भावनेचा विपरीत अर्थ घेऊन काही भिक्खूंनी आत्मघात केला, काहींनी दुसऱ्याच्या हातून मरण पत्करले; त्या भयंकर प्रसंगातून मनुष्यवधाचा नियम निर्माण झाला, हे विनयाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. या नियमात मनुष्य या अर्थी ‘मनुस्सविग्गह’ असा शब्द योजिला आहे. नियमाखालील पदव्याख्या त्याची व्याप्ती सांगते. मातेच्या उदरात पहिले चित्त उत्पन्न होते, पहिले विञ्ञाण प्रकट होते, त्या क्षणापासून मरणकाळापर्यंत जे काही आहे ते सर्व मनुस्सविग्गह होय, असा तिचा आशय आहे. उपसंपदा झालेल्या नव्या भिक्खूस जी चार अकरणीये सांगितली जातात, त्यांतील मनुष्यवधाच्या अकरणीयात गर्भपाताचा स्वतंत्र उल्लेख आहे. असे कृत्य करणारा भिक्खू दुभंगलेल्या शिळेसारखा होय. ती शिळा पुन्हा सांधता येत नाही, अशी उपमा तेथे दिलेली आहे.

याहून स्पष्ट काय असावे? विनयाच्या दृष्टीने गर्भपात हा मनुष्यवध आहे. हे वाक्य सौम्य करण्याचा प्रयत्न अलीकडे काही लेखक करतात. ग्रंथ जे सांगतो ते आधी नीट ऐकावे, मग त्याचा विचार करावा. गैरसोयीचा भाग झाकून ठेवणे ही तथागतांच्या अनुयायांची रीत नव्हे.

मात्र ऐकावयाचे तर सगळेच ऐकले पाहिजे. हीच व्याख्या महावग्गात दुसऱ्या एका ठिकाणी आली आहे आणि तेथे वधाचा प्रश्नच नाही. वीस वर्षे पूर्ण झाल्यावाचून उपसंपदा नाही, असा नियम होता. कुमार कस्सपांची उपसंपदा गर्भवासापासून वर्षे मोजून झाली होती, म्हणून ती ग्राह्य की अग्राह्य असा संशय निर्माण झाला. भगवंतांनी निर्णय दिला की मातेच्या उदरात पहिले चित्त उत्पन्न झाले तोच मनुष्याचा जन्म समजावा आणि वय तेथून मोजावे. म्हणजे जी व्याख्या एका ठिकाणी अपराध ठरविते तीच दुसऱ्या ठिकाणी एका तरुणास संघाचे दार लवकर उघडून देते.

कुमार कस्सपांच्या मातेची कथा येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. निग्रोधमिग जातकाच्या निदानकथेत ती आली आहे. ही स्त्री विवाहिता होती. पतीच्या अनुमतीने तिने प्रव्रज्या घेतली, तेव्हा आपण गर्भवती आहोत हे तिला ठाऊक नव्हते. पुढे गर्भ दिसू लागला. ती देवदत्ताच्या अनुयायी भिक्खुणींत राहत होती. देवदत्ताने चौकशी न करता, आपली निंदा होईल या भयाने तिला हाकलून देण्याची आज्ञा केली. ती भगवंतांकडे आली. भगवंतांनी प्रकरण उपालींकडे सोपविले. उपालींनी चारही परिषदांसमोर विशाखेस बोलावले. विशाखेने पडद्याआड तिची तपासणी करून दिवस-महिने मोजले आणि गर्भ प्रव्रज्येपूर्वीचा असल्याचे सांगितले. ती निर्दोष ठरली. तिला मूल झाले आणि ते कोसलराज पसेनदीने वाढविले. जातककथा म्हणजे काटेकोर इतिहास नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु गर्भवती स्त्रीस पाहताच जो समाज प्रथम लोकनिंदेचा विचार करतो आणि जो प्रथम तिची बाजू ऐकतो, त्या दोहोंतील भेद या कथाकाराला दाखवावयाचा होता, हे निश्चित.

चुल्लवग्गाच्या भिक्खुनीखंधकात याच जातीचा एक निर्णय आहे. एका भिक्खुणीस प्रव्रज्येनंतर मूल झाले. काय करावे? मूल समजत्या वयाचे होईपर्यंत तिने त्याचे पालन करावे, असा निर्णय झाला. तिला एकटीने राहता येत नव्हते आणि इतर भिक्खुणींना मुलासोबत राहता येत नव्हते. म्हणून संघाने एक भिक्खुणी तिची सोबतीण म्हणून नेमावी, असेही ठरले. संघाच्या नियमांत एका तान्ह्या मुलासाठी जागा करण्यात आली, एवढेच आम्हांस येथे नमूद करावयाचे आहे.

आता तिसऱ्या पाराजिकाखाली दिलेल्या प्रकरणांकडे वळू. ती फार थोड्या शब्दांत सांगितलेली आहेत, पण त्यांत त्या काळातील घरे दिसतात. एका स्त्रीचा पती परगावी गेलेला आहे आणि तिला जारापासून गर्भ राहिला आहे. तिच्या घरी नित्य येणारा एक भिक्खू आहे. ती त्याच्याकडे औषध मागते. दुसऱ्या घरात दोन सवती आहेत. एक वांझ, दुसरीस गर्भ राहिलेला. हिला मुलगा झाला तर घरात तिचीच सत्ता चालेल, या भयाने वांझ सवत भिक्खूकडे औषध मागते. आणखी एकीने विचारले असता भिक्खू तिला गर्भ चोळण्यास, दुसरीस शेकण्यास सांगतो. भिक्खूंना औषधांची माहिती असे, ते घरोघर जात, आणि स्त्रीला मनातील गोष्ट सांगण्यास दुसरे कोणी नसे. म्हणून ही मागणी त्यांच्याकडे आली असावी. या स्त्रियांची नावे ग्रंथकारांनी दिलेली नाहीत.

निर्णय कसे दिले आहेत ते पाहण्यासारखे आहे. गर्भ मेला तर भिक्खूस पाराजिक. गर्भ आणि माता दोन्ही मेली तरी पाराजिक. माता मेली आणि गर्भ वाचला तर पाराजिक नाही, थुल्लच्चय; कारण भिक्खूचा हेतू मातेस मारण्याचा नव्हता. दोन्ही वाचली तरीही थुल्लच्चय, कारण हेतू तर होताच. आधुनिक वाचकास, मातेचा जीव गेला तरी दोष उणा, हे विचित्र वाटेल, आम्हांसही वाटते. परंतु हे न्यायाधीशाचे माप नाही. भिक्खूच्या चेतनेचे ते माप आहे. याच प्रकरणांत एका वांझ स्त्रीने गर्भ राहण्यासाठी आणि दुसऱ्या, वारंवार प्रसवणाऱ्या स्त्रीने गर्भ राहू नये म्हणून औषध मागितल्याची उदाहरणे आहेत. दोन्हींत औषधाने स्त्री मरण पावली आणि दोन्हींत भिक्खूस दुक्कट एवढाच दोष लागला. म्हणजे गर्भ राहू न देणे आणि राहिलेला गर्भ पाडणे यांत विनयाने मोठी सीमारेषा ओढली आहे. संततिनियमनास पाप म्हणणाऱ्यांना येथे आधार सापडणार नाही.

आणि या सर्व प्रकरणांत दोष कोणास लागला? भिक्खूस. स्त्रीस एकाही ठिकाणी दंड सांगितलेला नाही, तिची निंदाही नाही. विनय हा संघाचा कायदा असल्याने गृहस्थ स्त्रीवर त्याची सत्ता चालत नव्हती, हे खरेच. पण तथागतांनी गृहस्थांसाठी राजदंडाची संहिता रचण्याचे मनात आणले नाही, हेही तितकेच खरे. गृहस्थास पाणातिपातापासून विरत राहण्याचे शील दिले. ते तो स्वतः ग्रहण करतो. पंचशील म्हणताना प्रत्येक उपासक आणि उपासिका ‘मी ग्रहण करतो’, ‘मी ग्रहण करते’ असे म्हणते. दुसरा कोणी ते तिच्यावर लादीत नाही.

या विनयवचनांच्या शेजारी त्याच भूमीतील ब्राह्मणी धर्मशास्त्र ठेवून पाहिले म्हणजे फरक उघड होतो. धर्मशास्त्रांतही भ्रूणहत्या हे घोर पातक आहे. तेवढ्यावरून दोन्ही परंपरा एकच बोलतात, असे समजणारे विद्वान आहेत. परंतु भ्रूण म्हणजे कोण? धर्मसूत्रांच्या परिभाषेत भ्रूण या शब्दाचा एक अर्थ वेदविद्यासंपन्न ब्राह्मण असा आहे आणि त्याचा वध करणारा तो भ्रूणहा. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ‘अविज्ञात’ गर्भाच्या वधास ब्रह्महत्येचे प्रायश्चित्त सांगितले आहे. अविज्ञात म्हणजे स्त्री की पुरुष हे न कळलेला. आणि हा गर्भ ब्राह्मणाचा, असा अर्थ टीकाकार लावतात. वसिष्ठ धर्मसूत्राने तर कारणही सांगून टाकले आहे : असे न कळलेले गर्भ पुरुष होतात, म्हणून. गर्भाचे मोल येथे त्याच्या मनुष्यपणात नाही. तो ब्राह्मण असेल, तो पुरुष असेल, या शक्यतेत ते आहे. शूद्राच्या किंवा चांडाळाच्या घरातील गर्भासाठी हे प्रायश्चित्त नव्हे.

मनुस्सविग्गहाच्या व्याख्येत वर्ण नाही. तीत लिंगही नाही. पहिले चित्त कोणत्या जातीच्या मातेच्या उदरात उत्पन्न झाले, ते पुढे पुत्र होणार की कन्या, याची विनय चौकशी करीत नाही. मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात हा मुद्दा वादाच्या स्वरूपातच आला आहे. असित देवल ऋषी ब्राह्मणांना विचारतात, गर्भ राहतो तेव्हा जो गंधब्ब उपस्थित असतो तो क्षत्रिय असतो, ब्राह्मण असतो, वैश्य असतो की शूद्र, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? ब्राह्मणांना ते ठाऊक नाही, असे त्यांना कबूल करावे लागते. मग तुम्ही कोण आहात हे तुम्हांस कसे ठाऊक, असा पुढचा प्रश्न येतो. जातीचा गर्व थेट गर्भापर्यंत नेऊन तेथे निरुत्तर करणारे असे दुसरे सुत्त आमच्या पाहण्यात नाही.

परंतु हा गंधब्ब म्हणजे कोण, हा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही. महातण्हासंखय सुत्तात गर्भधारणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत : मातापित्यांचा संयोग, मातेचा ऋतुकाळ आणि गंधब्बाची उपस्थिती. यावरून बाहेरून एक जीव येऊन गर्भात शिरतो, असा अर्थ काढणे सोपे आहे, आणि तो काढला की आत्मा मागच्या दाराने धम्मात येतो. गंमत अशी की हे सुत्तच त्या समजाच्या खंडनासाठी आहे. साति नावाचा केवट्टपुत्त भिक्खू, तेच विञ्ञाण जन्मोजन्मी फिरते, असे सांगत होता. भगवंतांनी त्याची कठोर शब्दांत कानउघाडणी केली आणि विञ्ञाण प्रत्ययांवाचून उत्पन्न होत नाही, असे बजावले. कथावत्थूने मरण व पुनर्भव यांच्या मधला अंतराभव नाकारला. वसुबंधूंच्या अभिधर्मकोशात तो मानलेला आहे. म्हणजे स्वतः बौद्ध आचार्यांतही या बाबतीत एकवाक्यता नव्हती.

संयुत्तनिकायाच्या यक्खसंयुत्तातील इंदकाचा संवाद या संदर्भात आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. रूप म्हणजे जीव नव्हे, तर मग हे शरीर कसे मिळते, गर्भात हा कसा जडतो, असे इंदक विचारतो. गर्भात जीव एकदम सिद्ध होऊन प्रकटतो असे मानणारा तो पुद्गलवादी होता, असे अट्ठकथा सांगते. भगवंतांचे उत्तर केवळ क्रम सांगते : प्रथम कलल, मग अब्बुद, मग पेसी, मग घन, मग हातपायांच्या शाखा, केस, नखे; आणि माता जे अन्नपान करते त्यावर हा जगतो. उत्तरात कोठेही बाहेरून येणारा कोणी नाही. आहे ती वाढ, आणि आहे ती माता.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात याच गाठीवर बोट ठेवले आहे. पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा, हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले. मूलद्रव्यांचे पुन्हा एकत्र येणे त्यांना मान्य आहे, आत्म्याचे स्थलांतर मान्य नाही. मूल जे घेऊन येते ते मातापित्यांकडून घेते. गतजन्मीचे कर्म बरोबर घेऊन बाहेरचा आत्मा गर्भात घातला जातो, हा हिंदू कर्मसिद्धांत त्यांनी फेटाळला. आमच्या समजुतीप्रमाणे याचा आपल्या प्रश्नावर सरळ परिणाम होतो. गर्भाला पहिल्या क्षणी पूर्ण व्यक्तित्व असते असे मानावयाचे तर त्या क्षणी पूर्ण असे काहीतरी तेथे आले पाहिजे; आणि अनात्मवादी असे येणारे काही मानीत नाही. मग विनयाने पहिल्या चित्तापासून सीमा का आखली? आमचे नम्र मत असे की भिक्खूने संशयाचा फायदा स्वतःला न घेता जीवनास द्यावा, यासाठी ती आखली. ती संयमाची सीमा आहे. गर्भात कोणी ‘व्यक्ती’ बसलेली आहे, असे तत्त्वज्ञान तीत नाही. अट्ठकथाकारांनी वधाच्या दोषाचे लघुत्व-गुरुत्व मारल्या जाणाऱ्या प्राण्याचा आकार व गुण, आणि मारणाऱ्याचा प्रयत्न व क्लेश यांवरून ठरते असे म्हटले, तेव्हा त्यांनाही सर्व वध एका मापाचे वाटत नव्हते. या अर्थाशी सर्व विद्वान सहमत होणार नाहीत. डेमियन कीऑन यांनी १९९५ मध्ये बौद्ध धर्म आणि जीवनैतिकता या विषयावरील आपल्या ग्रंथात गर्भधारणेपासून पूर्ण नैतिक मूल्य मानण्याचा पक्ष समर्थपणे मांडला आहे. तो वाचल्यावाचून कोणी या विषयावर बोलू नये.

याच ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेविषयी तत्त्व आणि नियम असा भेद केला आहे. तत्त्व मनुष्यास विचार करावयास लावते, नियम विचाराचे कामच संपवितो. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतही त्यांनी अंतर मानले. हे विवेचन गर्भपातासंबंधी नाही. पण १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाचा पुरस्कार करणारे आणि १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी मांडलेल्या संततिनियमनाच्या ठरावासाठी भाषण सिद्ध करणारे बाबासाहेब, मातेच्या शरीराचा विचार न करता गर्भाचा विचार करीत असतील, असे म्हणणे धाडसाचे होईल. नको असलेली गर्भधारणा टाळण्याचे सामर्थ्य स्त्रीस असावे, हा त्या भाषणाचा गाभा आहे. सभागृहाने तो ठराव फेटाळला.

महाराष्ट्रात या प्रश्नाने खरे रक्त सांडले ते त्याच्याही आधी. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ३१२ व्या कलमाने, स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेला अपवाद सोडून, गर्भपात हा गुन्हा ठरविला आणि गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीसही त्या गुन्ह्यात ओढले. त्याच काळी ब्राह्मण विधवेस पुनर्विवाह रूढीने बंद, घरात आप्तांचा जुलूम, आणि गर्भ राहिला तर पुढे विहीर किंवा तुरुंग. पुण्यातील एका ब्राह्मण विधवेने नवजात अर्भकास मारल्याबद्दल तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हे प्रकरण आपल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाच्या स्थापनेमागे होते, असे महात्मा जोतीराव फुले यांनी मलबारींच्या टिपणांवरील १८८४ च्या आपल्या अभिप्रायात नमूद केले आहे. १८६३ मध्ये स्थापन झालेले हे गृह जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या घराशेजारीच होते. तेथे येणाऱ्या स्त्रीस कोणी नाव विचारीत नसे. १८७४ मध्ये अशाच एका विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला; तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला. १८८१ च्या सुरतच्या विजयालक्ष्मी खटल्यात विधवेला प्रथम फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. आणि त्या खटल्यावर वृत्तपत्रांनी स्त्रीजातीची जी निंदा चालविली तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. दोषी कोण, गर्भ ठेवून निघून गेलेला पुरुष की एकटी उरलेली स्त्री, हा ताराबाईंचा प्रश्न विनयातील त्या अनाम स्त्रियांच्या प्रकरणांना लावून पाहावा.

स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि तो १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. या कायद्याने स्त्रीस अधिकार दिला, असे आपण सहज बोलतो. वास्तविक त्याने नोंदणीकृत डॉक्टरास दंड संहितेपासून संरक्षण दिले. स्त्रीने मागणी करावयाची आणि निर्णय डॉक्टराने करावयाचा, अशी ती रचना आहे. गर्भनिरोधक निष्फळ ठरल्याचे कारण मूळ कायद्यात फक्त विवाहितेस सांगता येत होते. २०२१ च्या दुरुस्तीने ती अट काढली आणि विशिष्ट वर्गांतील स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढविली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेस या मुदतीतून वगळता येणार नाही असा निर्णय दिला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, २६ आठवडे उलटलेल्या एका विवाहितेची विनंती त्याच न्यायालयाने नाकारली. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गर्भपाताचा गुन्हा नव्या क्रमांकाने कायम आहे.

पण १९७१ नंतर महाराष्ट्रात घडलेली मोठी घटना वेगळीच आहे. गर्भजलपरीक्षेने, मग सोनोग्राफीने, गर्भ ‘विज्ञात’ झाला. धर्मसूत्रकार ज्या अज्ञानामुळे गर्भास अभय देत होते ते अज्ञान यंत्राने दूर केले, आणि पुरुष नसलेला गर्भ कोणत्याही प्रायश्चित्तावाचून पाडला जाऊ लागला. स्त्री संघटनांच्या चळवळीमुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात प्रथम, लिंगनिदानास बंधन घालणारा कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. ही घट कोणत्याही एका जातीची नव्हे, आणि आपण त्यातून मुक्त आहोत असे बौद्ध समाजाने परस्पर गृहीत धरू नये. येथे मात्र आमच्या मनात संदेह नाही. संकटातील स्त्रीने नाइलाजाने घेतलेला निर्णय आणि मुलगी आहे म्हणून घराने तिच्याकडून करविलेला गर्भपात, यांत चेतनाच भिन्न आहे. दुसऱ्यात स्त्रीचीही इच्छा बहुधा नसते.

बौद्ध देशांनी हा प्रश्न कसा हाताळला हे थोडक्यात पाहिले पाहिजे. श्रीलंकेत इंग्रजांनी दिलेली १८८३ ची दंड संहिता अद्याप चालते; केवळ मातेचा जीव वाचविण्यासाठी गर्भपातास मुभा आहे. जपानने १९४८ मध्ये कायद्याने मुभा दिली, परंतु त्या कायद्याचे नाव सुप्रजननाचे होते आणि त्यात अपंगांच्या सक्तीच्या नसबंदीची कलमे होती. ती १९९६ मध्ये काढण्यात आली. जपानी मंदिरांतून १९७० नंतर ‘मिझुको कुयो’ हा विधी पसरला. मिझुको म्हणजे जलबालक, न जन्मलेले मूल. त्याच्या नावे जिझो बोधिसत्त्वाची लहान मूर्ती ठेवतात, तिला लाल अंगरखा घालतात. दुःख व्यक्त करण्यास मातेला जागा मिळाली, असे विल्यम लाफ्लर यांनी १९९२ मध्ये या विधीविषयी सहानुभूतीने लिहिले. हेलन हार्डेकर यांनी १९९७ मध्ये दुसरी बाजू दाखविली : गर्भाचा आत्मा सूड घेईल अशी भीती जाहिरातींनी पसरवून काही मंदिरांनी पैसा केला. जोदो शिन पंथाने हा विधी नाकारला. आपल्या विहारांत असा विधी आणण्याची सूचना कोणी केली तर आमचा तीस विरोध राहील. बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान आपण सोडले आहे.

थायलंडची हकीगत अधिक शिकविणारी आहे. तेथे १९५६ च्या दंड संहितेने गर्भपात जवळजवळ बंद केला होता. १९८१ मध्ये सुधारणेचे विधेयक कनिष्ठ सभागृहात संमत झाले आणि वरिष्ठ सभागृहात, धर्माच्या नावाने झालेल्या विरोधामुळे, पडले. कायदा कठोर राहिला म्हणून गर्भपात थांबले नाहीत. नोव्हेंबर २०१० मध्ये बँकॉकच्या वाट फाय न्गर्न या विहाराच्या शवागारात २००२ गर्भ दडविलेले सापडले; बेकायदा केंद्रांतून ते दहनासाठी आणले होते. विहाराच्या भिंतीमागे हे सापडावे, याने तो देश हादरला. अखेर २०२० मध्ये तेथील घटना न्यायालयाने स्त्रीस शिक्षा देणारे कलम घटनाबाह्य ठरविले आणि २०२१ पासून १२ आठवड्यांपर्यंतचा गर्भपात गुन्हा राहिला नाही. तिसरे पाराजिक तेथील भिक्खू आजही तितक्याच काटेकोरपणे पाळतात. दोन्ही एकाच देशात चालू आहेत.

मी गर्भपात केला, माझे पहिले शील मोडले काय, असे उपासिका भिक्खूंना आणि धम्मचारिकांना विचारतात. काही जणींनी ते वीस-वीस वर्षे मनात ठेवलेले असते. त्यांना पाराजिकाचा नियम वाचून दाखविणे चुकीचे आहे, कारण तो नियम त्यांच्यासाठी नाही. काही झालेच नाही, असे सांगणेही खोटे आहे आणि ते त्यांना पटतही नाही. अंगुलिमाल परित्त आपल्या विहारांतून गर्भवतीसाठी म्हटले जाते. प्रसववेदनांनी अडलेल्या स्त्रीसाठी अंगुलिमाल थेरांनी केलेली ती सत्यक्रिया आहे. तिच्यात स्वस्ती दोघांना इच्छिलेली आहे, गर्भास आणि त्या स्त्रीसही, दोन वेगळ्या शब्दांनी. आणि प्रथम नाव स्त्रीचे आहे.